बैठक मोडायची नाही

बुजगावणं पाखरांना हाकलायला असतं, हे शेंबडं पोरही सांगेल. या उद्यानातल्या बुजगावण्याचं काम मात्र नेमकं उलटं होतं. पाखरांना बोलवायला त्याला बसवलेलं.

तळ्यात आत गेलेला एक लाकडी धक्का होता, त्याच्या टोकाला बाक, आणि बाकावर हा लाकडाचा गडी. अंगात जुना तपकिरी कोट, डोक्यावर कान झाकणारी टोपी, एक हात पुढे केलेला आणि हातमोज्यात सूर्यफुलाच्या बिया. पानगळ सुरू झाली की त्याला बसवायचे. थंडी पडेपर्यंत काळ्या टोपीची ती चिमुकली रानपाखरं त्याला इतकी सरावायची की त्याच्या नाकावरही बसून घ्यायची. मग माणसं येत, त्याच्या शेजारी बसत, त्याच्या हाताला हात भिडवून तळवा पुढे करत, आणि पाखरं त्याच्या हातावरून यांच्या हातावर येत. दिवसभर नुसता बसून असतो, काम काडीचं नाही आणि मान मात्र सगळ्यांकडून घेतो, म्हणून सगळे त्याला साहेब म्हणायचे.

साहेबाच्या आधी त्या जागेवर आबा बसत. कोट त्यांचा, टोपीही त्यांचीच. रानपाखरांना हातावर चारायची ही सगळी टूम त्यांनीच काढलेली, आणि नियमही त्यांचाच, एकुलता एक. बैठक मोडायची नाही. म्हणजे पाखरं हातावर येत असताना मध्येच उठून चालू लागायचं नाही. पुढचा माणूस शेजारी येऊन बसला पाहिजे, त्याच्या हातावर पाखरू उतरलं पाहिजे, मगच आधीच्याने उठायचं. "एवढ्या थंडीत ती तुमच्या भरवशावर येतात," आबा म्हणत, "आणि तुम्ही त्यांच्या तोंडावर दार लावून निघता होय?" भल्याभल्यांना त्यांनी बसवून ठेवलं होतं. लघवीला लागलेल्यांनासुद्धा सोडलं नव्हतं.

पण हे सगळं मागचं. आता आबांच्या डोक्यात नुसता गुंता झाला होता. चहा प्यायला की नाही ते आठवायचं नाही, लेकीला कधी ओळखायचे, कधी तिलाच "आपण कुणाकडे आलात?" म्हणून विचारायचे.

उद्यान आता ही थोरली लेकच सांभाळत होती. तिला लहानपणापासून घरात वावटळ म्हणत, आणि नाव ठेवणाऱ्याचं काही चुकलं नव्हतं. आली की दारं आपटायची, गेली की कपबश्या हलायच्या. उभ्या जन्मात तिच्या हातावर एक पाखरू बसलं नव्हतं. पोर असताना ती धक्क्यावरून धावत यायची आणि पाखरं भुर्र. "हिच्या हातावर दगड बसेल, पाखरू नाही बसायचं," असं आबा चारचौघांत म्हणायचे. सगळे हसायचे. तीही हसायची. तिला ते फार लागायचं, पण सांगते कुणाला?

तर त्या दिवशी थंडी मी म्हणत होती, आणि त्याच दिवशी माणसांच्या बैठकीची सुरुवात होती. वावटळ सकाळपासून भिंगरीसारखी फिरत होती. फाटकाशेजारचं घर, घरातून कचेरी, कचेरीतून पुन्हा घर. आबा मात्र उजाडल्यापासून तयार. स्वेटर उलटा घातलेला, बुटांच्या नाड्या सुटलेल्या.

"चला," ते म्हणाले. "बैठकीला माणूस नाही तिथे."

"आहे माणूस."

"नाही. मी खिडकीतून बघितलं ना."

खिडकीतून धक्का दिसतो खरा. पण वावटळीने कशाला बघायला जावं! तिने त्यांचा हात धरून त्यांना खुर्चीत बसवलं आणि उचलली जीभ, लावली टाळ्याला. "आबा, तुमच्या जागी साहेब बसलाय. तो काही मागत नाही, कुठे उठून जात नाही आणि मला छळत नाही. तुमची काही गरज नाहीये तिथे आता."

 आबा मान खाली घालून स्वतःच्या तळहाताकडे बघत बसले. तिला त्याच क्षणी वाटलं की हे बोलायला नको होतं, पण फाटकावर घंटा वाजली आणि ती निघाली. पुढच्या दाराला बाहेरून कडी घातली.

मागच्या दाराची कडी आठवडाभरापासून निखळलेली होती. कालच सुताराने विचारलं होतं, "ताई, आधी काय करू, तुमच्या मागच्या दाराची कडी की साहेबाचा खांदा?" वाऱ्याने साहेबाचा हात खांद्यातून सुटायला आला होता. ती म्हणाली होती, "खांदा कर. उद्या माणसं येणार. कडी काय पळून जात नाही."

कडी नाही पळाली. आबांना चहा द्यायला म्हणून ती परत आली तर मागचं दार वाऱ्यावर आपटत होतं. खुर्ची रिकामी. त्यांचा रोजचा जाड कोट खुंटीवर तसाच. म्हणजे म्हातारा नुसत्या निळ्या स्वेटरवर बाहेर पडला होता. आणि बाहेर बर्फ पडत होता, असा भुरभुर की पावलांचा ठसा उमटेपर्यंत बुजायचा.

ती तशीच फाटकाकडे पळाली.

आलेल्या माणसांना तिने परत पाठवलं, काही भली माणसं शोधायला थांबली. धाकट्या भावाला फोन केला. तो दवाखान्यात रुग्णांची शुश्रूषा करायचा, तिथे सगळे त्याला ब्रदर म्हणत. तो ड्यूटी टाकून आला. आल्याआल्या त्याने खुंटीवरचा कोट बघितला आणि त्याचा चेहरा पडला.

"किती वेळ झाला?"

"मला काय माहीत रे! मी फाटकावर होते."

"ताई, या थंडीत या वयाचं माणूस..." तो दाराकडे वळला. 

काही जण मोठ्या रस्त्याने गेले, काही झाडीत शिरले. निळा स्वेटर, निळा स्वेटर, एवढंच सगळ्यांच्या तोंडी. वावटळ तळ्याच्या काठाने हाका मारत फिरली. "आबा! आबा हो!" तळं गोठलं होतं, पण बर्फाचा पापुद्रा पातळ, त्यावर कुत्रंही उभं राहिलं नसतं. काठावरून तिला दूर धक्क्याच्या टोकाला साहेबाची पाठ दिसली. कोटावर बर्फ साठलेला, टोपीवर एक पाखरू, हात पुढे. हिला अशा वेळीसुद्धा त्याचा राग आला.

"साहेबा," ती ओरडली, "तू तरी बघितलंस का रे आबांना? नुसता बसून असतोस मेल्या!"

साहेब हलला नाही. टोपीवरचं पाखरू तेवढं उडालं. ती पुढे गेली.

झाडी पालथी घातली. लाकडांची खोपटी बघितली, शौचालयं बघितली. परत काठावर आली तेव्हा आवाज बसला होता. पुन्हा तोच साहेब, तशीच पाठ. या खेपेला तिने त्याच्याकडे धड बघितलंही नाही. रोज बघायच्या वस्तूकडे कोण बघतं?

आणि मग धाकट्याने लव्हाळ्यापाशी तिला थांबवलं. तिथे काठालगतचा बर्फ फुटला होता. काळं पाणी दिसत होतं. बदकांनी फोडला असेल, आपोआप फुटला असेल. असेल ना. दोघं भावंडं त्या पाण्याकडे बघत उभी राहिली.

"आकडी आण," धाकटा म्हणाला. अगदी हळू म्हणाला.

आकडी म्हणजे तळ्यातली फांदी, गाळ ओढायचा लांब बांबू, टोकाला लोखंडी हूक लावलेला. सुताराच्या शेडमध्ये असतो. वावटळ निघाली. जन्मभर धावलेली बाई, पण त्या शेडपर्यंत तिला धावता येईना.  बापाला हुकाने ओढून काढायचं, हा एकच विचार डोक्यात, आणि त्याच्या मागे तिचं सकाळचं वाक्य. तुमची काही गरज नाहीये तिथे आता.

तिने शेडचं दार ढकललं. आत अंधुक उजेड. बांबू कोपऱ्यात उभा होता. तिने हात घातला, वळली, आणि सुताराच्या टेबलावर तिला एक माणूस आडवा पडलेला दिसला.

ती किंचाळली. मग तिने नीट बघितलं. लाकडाची छाती, लाकडाचं तोंड, रंग उडालेलं नाक. खांद्याला सरस लावून हात दोरीने आवळून ठेवलेला.

साहेब.

मागून सुतार आला. तो मोठ्या रस्त्याकडे शोधत होता, आता दोर न्यायला आला होता.

"हा इथे कसा?" तिने विचारलं.

"सकाळीच आणला की, ताई. खांदा उघडायचा तर कोट काढायला लागला. ओला कोट कशाला इथवर वागवा, म्हणून कोट आणि टोपी तिथेच बाकावर ठेवली. लगेच परत बसवणार होतो. सरस संपला म्हणून गावात गेलो, तेवढ्यात हे..."

बोलता बोलता तो थांबला. ती त्याच्याकडे बघत होती आणि तो तिच्याकडे.

"मग बाकावर कोण बसलंय?" वावटळ म्हणाली.

काखेत कळसा आणि गावाला वळसा! बाप डोळ्यांसमोर बसलेला, आणि लेक त्याला मेल्या म्हणून पुढे गेलेली! हातातला बांबू तिथेच पडला आणि ती सुटली. आता मात्र ती वावटळ होती. बर्फातून धडपडत, दोनदा तोंडावर आपटत ती धक्क्यापर्यंत आली. तिला बघून धाकटाही धावत आला, मागोमाग सुतार. पहिल्या फळीवर पाय पडला तसा धक्का दणकला, आणि टोकाला बसलेल्या माणसाने मान किंचित वळवली.

"हळू," तो म्हणाला. "पाखरं आहेत."

ती जागच्या जागी थिजली.

आबाच होते. कोटाच्या कॉलरवर बर्फ, भुवयांवर बर्फ. ओठ निळे पडलेले. उघडा हात पुढे केलेला, त्यावर बिया, आणि बोटं अशी पांढरी की ती त्यांची वाटू नयेत. त्या बोटांवर एक टोपीवालं पाखरू बसून बी फोडत होतं.

"उचलूया," धाकटा कानाशी पुटपुटला. "तू त्या बाजूने, मी या बाजूने."

"नको."

"ताई, बोटं बघ त्यांची! अजून थोडा वेळ गेला तर..."

"मागच्या महिन्यात काय झालं आठवतंय ना?"

त्याला आठवत होतं. आबा न्हाणीघरातून निघेनात, म्हणून दोघांनी दोन बाजूंनी धरून ओढलं, तर म्हातारा असा काही उसळला की स्वतःचं मनगट मोडून घेतलं. तिथे निदान भिंती होत्या. इथे दोन्हीकडे तळं होतं, वर तो पापुद्रा आणि खाली काळं पाणी.

वावटळ एकेक फळी जोखत पुढे गेली. "आबा," ती म्हणाली, "चला घरी."

आबांनी तिच्याकडे बघितलं. चेहऱ्यावर ओळखीची खूणही नव्हती. "बाई, तुम्ही पुढच्या का?"

 "हो. पुढची मीच."

"फार उशीर केलात. बसा. माणूस ठेवलाच नव्हता कुणी इथे." आणि जरा थांबून, "बैठक मोडायची नाही. माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

ती बसली. हातमोजा काढला. आबांनी त्यांच्याच जुन्या कोटाच्या खिशातून चिमूटभर बिया काढून तिच्या तळव्यावर ठेवल्या. त्यांची बोटं लागली आणि तिला दचकून हात मागे घ्यावासा वाटला, इतकी ती गार होती. तिने हात त्यांच्या हाताला भिडवला आणि पुढे धरला.

हात थरथर कापत होता. कापणारच! धावून छाती भात्यासारखी चाललेली, शेजारी बाप गोठत चाललेला, मागे भाऊ दात आवळून उभा. एक पाखरू काठावरच्या फांदीवरून निघालं, तिच्या हाताशी आलं, पंख फडफडवले आणि परत गेलं. दुसरं आलं, तेही गेलं. आबांच्या हातावर मात्र खुशाल बसत होती.

ये गं बाई, ती मनात म्हणत होती. ये ना. एकदाच ये. नंतर जन्मात नाही आलीस तरी चालेल.

आबांचं अंग आधी कापत होतं, ते आता कापायचं थांबलं. तिला ते बरं वाटलं, पण मागून धाकट्याने ते बघितलं आणि एक पाऊल टाकलं. अंगाचं कापणं थांबणं चांगलं नसतं, हे त्याला माहीत होतं. "ताई, आता मी ऐकणार नाही," तो दबक्या आवाजात म्हणाला.

"थांब. माझी शपथ आहे तुला."

फळी करकरली. तिच्या अगदी जवळ आलेलं पाखरू उडून गेलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचं आणि भीतीचं. दगड बसेल, पाखरू नाही बसायचं. खरंच होतं म्हाताऱ्याचं. आणि आता त्या एका खऱ्यापायी तो तिच्या डोळ्यांदेखत मरणार होता.

"श्वास का धरून ठेवलाय?" आबा म्हणाले. जीभ जड झाली होती त्यांची. "सोडा. सोडा की बाई."

तिने श्वास सोडला. तोंडातून वाफ निघाली.

"आणखी एक. घाई कशाची? कुठे जायचंय आपल्याला?"

कुठे जायचंय म्हणे! तिला हसू फुटलं, रडता रडता. आणि हसताना खांदे सैल पडले. तेवढ्यात आबांनी आपला दुसरा हात, तो मनगट मोडलेला, तिच्या हाताखाली धरला. खालून आधार दिला, तान्ह्या पोराच्या मानेखाली देतात तसा. ती हलली नाही. तिने डोळे मिटून घेतले.

तळव्यावर काहीतरी टोचलं. अगदी बारीक. मग दुसऱ्या बाजूला तसंच. तिने डोळे उघडले तर ते तिथे होतं, करंगळीच्या बुडाशी, मान तिरकी करून तिच्याकडे बघत. वजन म्हणाल तर काहीच नाही. त्याने एक बी निवडली, टाकली, दुसरी घेतली.

"झालं," आबा म्हणाले आणि आपला हात हळूच काढून घेतला. "आता बसा तुम्ही. मी निघतो."

निघतो म्हणाले, पण गुडघे सरळ होईनात. धाकट्याने आणि सुताराने त्यांना दोन्हीकडून उचललं. ते उसळले नाहीत. मुकाट्याने अंग सोडून दिलं. फक्त मान वळवून वळवून मागे बघत राहिले, बाई उठते की काय म्हणून. आणि म्हणून वावटळीला उठता येईना. बापाला गाडीत घालतायत, ब्लँकेटं गुंडाळतायत, भाऊ त्यांची बोटं काखेत धरून बसलाय, हे सगळं तिला पाठीमागे नुसतं ऐकू येत होतं. जीव तिकडे धावत होता आणि ती लाकडासारखी बसून होती, हात पुढे करून. गाडीचा आवाज झाडीपलीकडे गेला तरी ती बसून होती.

उजेड उतरायला लागला तेव्हा धक्क्यावर जड पावलं वाजली. सुतार साहेबाला खांद्यावर टाकून घेऊन आला होता. त्याने साहेबाला तिच्या शेजारी बसवलं, अंगात कोट नव्हता म्हणून स्वतःचाच चढवला, आणि हातमोज्यात बिया भरल्या.

"फोन आला होता ब्रदरचा," तो म्हणाला. "धोका टळला, म्हणाला. बोटंही वाचतील बहुतेक. ऊब मिळाल्यावर चहा मागितला आबांनी, आणि तो पांचट झाला म्हणून शिव्या घातल्या."

वावटळीने मान हलवली. 

सुतार जायला वळला, पुन्हा थांबला. "गाडीत घालताना मला विचारत होते, ती नवीन बाई कोण. काय सांगणार? म्हटलं, आहे एक. तर म्हणाले, तिला ठेवून घ्या. हात चांगला आहे तिचा."

तेव्हा कुठे ती रडली. ओक्साबोक्शी रडली, अंग गदगदून रडली, पण पुढे केलेला हात तेवढा तिने हलू दिला नाही. साहेबाच्या हातावर अजून पाखरू यायचं होतं.